भाचीसाठी एक वाईट नाव

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याने समुद्रपक्ष्यांवर लिहायला बसावं, हे मलाच बरोबर वाटत नाही. शिवाय मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मराठीत मी काही लिहिलेलं नाही. पण या हिवाळ्यात जे झालं ते कोणाला तोंडी सांगायला लागलो की मध्येच अडकतो. समोरचा हसेल असं वाटतं, आणि तो हसला तर त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. म्हणून लिहून पाहतो. कुठे कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मी वर्ध्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र. गाव आर्वीकडे, घरी भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर असं जे निघेल ते आई-बाबा बाजाराच्या दिवशी पहाटे तोडतात आणि आर्वीला नेऊन विकतात. मी वर्ध्यालाच नालवाडीत एका मित्रासोबत खोली करून राहतो.

प्रोजेक्टचे विषय मॅडमनी चिठ्ठ्या टाकून वाटले. कोणाला धाम नदीतले मासे आले, कोणाला कपाशीवरच्या अळ्या. माझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं : समुद्रपक्ष्यांची शास्त्रीय नावं, उगम आणि अर्थ. मी ते मोठ्यानं वाचलं तसा वर्ग हसला.

"याले तं बोर धरण पाहूनच चक्कर येते," माझा खोलीतला मित्र म्हणाला.

तास संपल्यावर मी मॅडमकडे गेलो, विषय बदलून मिळेल का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "पक्ष्यांचं काम नाही, नावांचं आहे. नाव आपोआप पडत नाही, कोणीतरी ठेवतं. ठेवताना त्याच्या मनात काय होतं तेवढं शोधायचं. त्याला समुद्र कशाला हवा?" आणि कपाटातून एक जाडजूड कोश काढून माझ्या हातात दिला.

ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक प्राण्याचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं, बहुतेक वेळा लॅटिन किंवा ग्रीक मुळाचं, आणि जगभर तेच चालतं. अकरावीपासून मी अशी नावं पाठ करत आलो. अर्थ कधी कळला नाही, आणि कळला नाही म्हणूनच मला त्यांचा आदर होता. लग्नात मंत्र चालू असताना माणसं न समजता हात जोडून उभी असतात, तसा मी त्या नावांसमोर उभा असायचो. एवढं अवघड आहे म्हणजे आत काहीतरी मोठं असणार, असं वाटायचं.

कोशात पहिलंच नाव पाहिलं ते अनूस स्टोलिडस. गडद तपकिरी रंगाचा पक्षी, कपाळ आणि डोकं फिकट राखाडी. स्टोलिडस म्हणजे मठ्ठ. अनूस म्हणजे बिनअकलेचा. मला वाटलं माझी ओळ चुकली. बोट ठेवून पुन्हा वाचलं. चुकली नव्हती. हा पक्षी जहाजावर येऊन बसायचा आणि माणसाने हात पुढे केला तरी उडायचा नाही. खलाशी त्याला हातानेच धरायचे. म्हणून एकाने त्याला मठ्ठ म्हटलं, आणि नंतर दुसऱ्या कोणी तेवढ्यावर न थांबता पुढे बिनअकलेचा असं जोडलं. माणसाला न घाबरण्याबद्दल हे नाव त्याला मिळालं होतं, आणि ते मी चार वर्षांपूर्वी वाचलं असतं तर भक्तिभावाने पाठ केलं असतं.

मग पफिनस निघाला. लाटांना पंख टेकतील इतका खालून उडणारा पक्षी. त्याचं नाव ज्या जुन्या शब्दावरून आलं, तो शब्द त्याच्या लठ्ठ पिल्लांच्या खारवलेल्या मांसाचा होता. म्हणजे उडणाऱ्या पक्ष्याला त्याच्या पिल्लांच्या मांसाचं नाव. मी कोश मिटला आणि चहा प्यायला बाहेर गेलो. माझा चेहरा पाहून मित्राने विचारलं, "काय झालं बे, घरून फोन आला का?" मी नाही म्हणालो. पक्ष्याच्या नावाने असं होतं हे त्याला कसं सांगायचं?

सगळ्यात जास्त हादरलो ते स्टर्कोरॅरियस या नावाने. हा पक्षी दुसऱ्या समुद्रपक्ष्यांच्या मागे लागतो, त्यांना इतकं पळवतो की ते खाल्लेला मासा ओकून टाकतात, आणि तो मासा हा वरच्यावर पकडतो. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं की घाबरलेले पक्षी विष्ठा टाकतात आणि हा ती खातो. म्हणून शेण, विष्ठा या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. पुढे खरं काय ते कळलं. नाव मात्र तेच राहिलं, कारण शास्त्रात नियम असा आहे की आधी रीतसर ठेवलेलं नाव टिकतं. त्याचा अर्थ चुकीचा आहे, एवढ्या कारणाने ते काढता येत नाही.

हे मी वर्गात वाचून दाखवलं. मॅडम मान हलवत होत्या. तेवढ्यात मागून माझ्या मित्राचा आवाज आला, "मॅडम, हा पक्षी तं याच्या घरचाच हाय."

वर्ग किती वेळ हसला ते सांगत नाही. का हसला ते सांगावं लागेल. हजेरीत आमचं पूर्ण नाव घेतात : आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या वडिलांचं नाव उकंड्यावरून आहे. उकंडा म्हणजे उकिरडा, घरामागची शेण आणि केरकचरा टाकायची जागा. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण आमच्या भागातल्या वाचकांनी ऐकलेलं असेल. पहिल्या वर्षापासून हजेरीत ते आलं की कोणीतरी खोकायचं. त्याची मला सवय झाली होती आणि मित्रावर मी रागावलोही नाही. पण बसल्या जागी एक गोष्ट लक्षात आली. हजारो कोसांवरच्या पक्ष्याला त्याचं नाव कसं पडलं हे मी आत्ताच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. माझ्या बाबांना त्यांचं नाव कसं पडलं हे मला माहीत नव्हतं. मी घरी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. ताई माझ्याहून मोठी, आष्टीकडे दिलेली. तिची आधीची दोन बाळं जगली नव्हती. एक पोटातच गेलं, दुसरं पाचवी पुजायच्या आत. या वेळी दिवस भरायच्या खूप आधी पोटात दुखायला लागलं, आणि मुलगी झाली. मी पोचलो तेव्हा बाळ काचेच्या पेटीत होतं. बाबांच्या तळहातात मावेल एवढं. अंगावरची कातडी सैल, नाकात नळी. दूध ओढायची ताकद नव्हती म्हणून त्या नळीतूनच दूध जायचं. मनगटावरच्या पट्टीवर नाव नव्हतं, फक्त ताईचं नाव आणि पुढे 'चे बाळ'. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येणार नाही.

मी रोज कॉलेज सुटल्यावर डबा घेऊन जायचो आणि आईजवळ बसायचो. आई बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून असायची. बाबा शेत सांभाळायला गावी. एक दिवस तिनं विचारलं, "काय वाचून राह्यला?"

"पक्ष्यांची नावं."

"सांग बरं एखांदं."

वेळ जावा म्हणून मी तिला त्या शेणाच्या नावाच्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. माशाचा आणि विष्ठेचा घोटाळा मात्र नीट सांगता आला नाही. नावाचा अर्थ तेवढा सांगितला. आईनं तो मन लावून ऐकला आणि विचारलं, "मंग त्या पक्ष्याचेही आंधीचे लेकरं जगले नाई का?"

मला काहीच कळलं नाही. "म्हणजे?"

"नाई तं असं नाव काऊन ठेवतीन? तुह्या बाबाचं तसंच तं हाय."

मी वही खाली ठेवली. आई सांगत गेली, भाजी निवडताना सांगावं तशी. "तुह्या आजीले लेकरं होत अन् जात. तुहे बाबा झाले तसं त्याईले सुपात घातलं अन् घरामांगच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची बाई आली, म्हने मले इथं लेकरू सापडलं. मंग आजीनं तिले पसाभर कण्या देल्ल्या अन् लेकरू इकत घेतलं. नाव उकंड्याचं ठेवलं. फेकलेल्या जिनसाले कोन नेते?"

"आणि बाबा राहिले?"

"राह्यले न. नाई तं तू कुठून आला असता?"

मी समजत होतो की त्या काळी लोक अडाणी होते, जे सुचेल ते नाव ठेवत. ज्या नावावर तीन वर्षं पोरं खोकत होती, ते माझ्या आजीनं भीतीपोटी, मूल वाचावं म्हणून ठेवलं होतं. आणि माझ्या आईला शेणाच्या नावाचा पक्षी ऐकून पहिली शंका आली ती हीच, की त्याच्या मागेही असंच कोणी घाबरलेलं असेल. मी कोशातलं तिला सांगितलं नाही. सांगवेना.

"या पोरीचंही तसंच ठेवा लागते," आई म्हणाली.

भाऊजी औषधं घेऊन आले होते, त्यांनी ते ऐकलं. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ते बंद ठेवून ते इथेच राहत होते, आणि त्या काचेसमोर आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त वेळ उभे असायचे. ते हळूच म्हणाले, "आई, पोराचं तसं नाव ठेवलं तं लोक समजून घेते. पोरीचं ठेवलं तं म्हनतीन, बापाले पोरगी नको होती. शाळेत तिले हेच आयकाव लागन."

दोघांचंही मला खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई बाहेर आली. बाळांच्या आयांना दिवसातून थोडा वेळ बाळाला छातीशी धरू देत, ते आटोपून ती आली होती. डोळे सुजलेले. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबू, तुह्याजवळ ते पक्ष्याचे नावं हायेत न? मले त्यातलं एक वाईट नाव काढून दे."

"वाईट?"

"अर्थ वाईट पाह्यजे. ऐकाले चांगलं. शाळेत कोनाले समजलं नाई पाह्यजे."

मला वाटलं झोप नाही म्हणून ती असं बोलते. तिच्याकडे पाहिलं तर ती दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखी सरळ बसली होती. मी बॅगेतून वही काढली. इतकी वर्षं ती माझ्यासाठी वह्या-पुस्तकं धाडत आली, माझ्याकडून काही मागितलं ते हे पहिल्यांदा.

"फेथॉन," मी वाचलं. "लांब शेपटीचा पांढरा पक्षी. सूर्याच्या मुलाचं नाव आहे. बापाचा रथ हाकायला गेला, घोडे आवरले नाहीत."

"मंग?"

"वरून पडला. मेला."

"पुढचं वाच."

"ओशनाइटीज. समुद्रदेवाच्या मुली."

"गोड हाय. गोड नको."

"एक्झुलन्स. हा सगळ्यात मोठ्या पंखांचा असतो. अर्थ, घरातून हद्दपार झालेला. वनवासी."

ताईनं ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाली, "नाई. तिले घरी न्याचं हाय."

मग मी अनूस वाचलं. बिनअकलेचा. जहाजावर बसतो, हात पुढे केला तरी उडून जात नाही.

"उडतच नाई?"

"नाही."

"बिनअकलेची," ती स्वतःशी म्हणाली. "हे दे मले. घरी अनू म्हनता येते." आणि लगेच पुढे, "तिनं उडूनच जाऊ नये बाबू, बाकी मले काई नाई पाह्यजे."

खलाशी त्याला हाताने धरायचे, हे मी सांगितलं नव्हतं. तोंडापर्यंत आलं आणि गिळून टाकलं.

आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "लोकायलेच समजत नाई तं यमाले कसं समजन? असं इंग्रजी नाव काय कामाचं?"

ताई म्हणाली, "इंग्रजी नोहे आई, त्याच्याही आंधीची भाषा हाय. अन् त्यानं सगळ्याच भाषेतले लोक नेले. येतच असन त्याले."

व्हरांड्यात आमच्या बाजूला बसलेली एक बाई हे ऐकून पदराआड हसली. आई नाही हसली. भाऊजींनी मला बाजूला नेऊन एवढंच विचारलं, "खरंच कोनाले समजनार नाई न?" मी म्हणालो, प्राणिशास्त्राच्या माणसाला समजेल. ते म्हणाले, "आष्टीत तसे किती असतीन? चालते मंग." तेव्हापासून ताई बाळाला छातीशी धरलं की तिच्या कानात ते नाव सांगायची. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा समुद्रावरच्या पक्ष्याचं नाव आहे म्हणाली. नर्सबाई म्हणाल्या, छान आहे.

पुढच्या आठवड्यात बाळाचा श्वास मध्येच थांबायला लागला. नागपूरला हलवायचं ठरलं. मी पोचलो तोवर अॅम्ब्युलन्स निघाली होती. ताई आणि भाऊजी तिच्यासोबत गेले, बाबा गावाहून आले ते मागून एसटीने गेले, आई गावी परतली. त्यानंतर बातमी बंद झाली. ताईचा फोन लागेना. भाऊजींचा वाजायचा, उचलला जात नव्हता. एकदा उचलला तर मागे मशीनचा आवाज, आणि "मंग करतो" म्हणून ठेवला. बाबांचा फोन बंद. आईला फोन केला की ती मलाच विचारायची, काही समजलं का.

मी खोलीत बसून प्रोजेक्टची शेवटची पानं लिहीत होतो. तारीख जवळ आली होती. हजार नावं असलेल्या कोशातून मी तिला नेमकं अशा पक्ष्याचं नाव काढून दिलं होतं जो हाताला सहज लागतो, हे डोक्यातून जाईना. शास्त्र शिकणाऱ्या मुलाने असं मानू नये, हे मला कळतं. रात्रंदिवस मी ते मानत होतो. मित्राने एकदा विचारलं, मी सगळं सांगितलं, बाबांच्या नावाचंही. त्याने उठून दोघांचा स्वयंपाक केला. वर्गात त्यानंतर तो हजेरीला खोकणाऱ्याकडे वळून पाहायचा.

प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे उभा राहिलो. शेणाच्या नावापर्यंत नीट बोललो. अनूसचं पान आलं तेव्हा ते न वाचता उलटलं. मॅडमच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी विचारलं नाही. माझं संपत आलं होतं तेवढ्यात शिपाई दारात आला आणि म्हणाला, तुझे वडील गेटवर उभे आहेत.

बाबा कधी माझ्या कॉलेजात आले नव्हते. अॅडमिशनलाही नाही. आमच्याकडे वाईट बातमी फोनवर देत नाहीत, माणूस पाठवतात. जिना उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या.

बाबा गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभे होते. हातात पिशवी, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही.

"जेवला का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ताई?"

"पानी हाय का जोळ?"

मी बाटली दिली. ते उकिडवे बसले आणि सावकाश पाणी प्यायले. मी उभाच होतो. मला पुढचं ऐकायचं नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं.

"फोन बंद पडला," ते म्हणाले. "चार्जर तुह्या आईच्या पिशवीतच राह्यलं. अन् तिथं काचेच्या आत जाऊ देत नाई कोनाले, तुह्या ताईले तेवढं जाऊ देते. चार दिवस लेकराचं तोंडही दिसलं नाई आमाले. आता आर्वीची गाडी इथंच बदलाची होती. म्हनलं, पोराले सांगूनच जाव."

"काय सांगायचं?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"अनूनं काल तोंडानं दूध पेलं. नळी काढली डॉक्टरनं. इतकं जोरानं ओढते म्हने का तुह्या ताईले दुखून राह्यलं."